वस्तू, जागा आणि मधली गाठ

चष्मा सापडत नाही तेव्हा माणूस नेमके काय विसरलेला असतो? चष्मा तर विसरलेला नसतो. त्याची डावी दांडी सैल झाली आहे, उजव्या काचेच्या कोपऱ्यात बारीक चरा आहे, हे तो डोळे मिटूनही सांगेल. घरही विसरलेला नसतो. रात्री दिवा न लावता उठला तरी कशाला पाय न अडखळता माठापर्यंत जातो. वस्तूची ओळख पक्की, जागेची ओळख पक्की, आणि तरी उशा उचलून, खिसे चाचपून, फ्रिजवर हात फिरवून शोध चालूच असतो. हरवलेली असते ती एवढीच नोंद, की ही वस्तू त्या जागी आहे. हा अनुभव इतका रोजचा आहे की त्यात काही विशेष आहे असे वाटत नाही. पण गेल्या सत्तर वर्षांतले मेंदूचे संशोधन या अनुभवाशेजारी ठेवून वाचले, तर त्यातून स्मरणाबद्दलचा एक निष्कर्ष निघतो. मेंदू वस्तू आणि जागा यांची नोंद मुळात एकत्र करतच नाही. दोन्हींच्या वाटा वेगळ्या, दोन्हींचे मुक्काम वेगळे. आणि मग त्यांची एकमेकींशी गाठ मारावी लागते. ज्याला आपण एखाद्या प्रसंगाची आठवण म्हणतो, ती म्हणजे ही गाठ. विसरणे हेही बहुतेक वेळा गाठ सुटण्याचे, किंवा ती कधी नीट बसलीच नसल्याचे नाव असते.

याला पहिला विरोध होतो तो आपल्या डोळ्यांकडूनच. टेबलावरचा कप बघताना आधी कप, मग टेबल, मग दोघांतले अंतर असे काही कुणाला दिसत नाही. दृश्य एकदम, अख्खे समोर येते. पण अनुभव अखंड आहे म्हणून तो घडवणारी यंत्रणाही अखंड असलीच पाहिजे, असे नाही. अमेरिकेत लेस्ली अंगरलायडर आणि मॉर्टिमर मिश्किन यांनी १९८२ साली माकडांवरच्या प्रयोगांच्या आधारे जी मांडणी केली, ती इथे महत्त्वाची आहे. प्रयोग साधे होते. एकात माकडाला एक वस्तू दाखवायची, मग तीच वस्तू आणि एक नवी वस्तू समोर ठेवायची. नवी उचलली की खाऊ. दुसऱ्यात दोन झाकलेले खळगे, आणि मध्येच उभी केलेली एक नळकांडी. नळकांडी ज्या खळग्याच्या जवळ, त्यात खाऊ. मेंदूचा कानशिलाकडचा खालचा भाग काढलेल्या माकडांना पहिले काम जमेना, दुसरे जमले. टाळूकडचा वरचा भाग काढलेल्यांचे बरोबर उलट झाले. म्हणजे डोळ्यांतून आलेली माहिती मेंदूच्या मागच्या भागात पोचल्यावर दोन वाटांना लागते. खालची वाट 'हे काय आहे' याचा छडा लावते आणि वरची 'ते कुठे आहे' याचा. पुढच्या संशोधनाने ही विभागणी इतकी काटेकोर नाही, दोन वाटांमध्ये देवाणघेवाण बरीच आहे, हे दाखवले. पण वाटा दोन आहेत, या मूळ म्हणण्याला धक्का बसलेला नाही.

माकडांवरून माणसांबद्दल बोलणे धोक्याचे, असे कुणी म्हणेल तर ते योग्यच आहे. म्हणून माणसांकडे वळू. १९९८ साली रसेल एपस्टाइन आणि नॅन्सी कानविशर यांनी माणसांना एमआरआय यंत्रात झोपवून निरनिराळी चित्रे दाखवली. हिप्पोकॅम्पस या स्मरणाशी निगडित भागालगतचा एक भाग जागा दिसली की जोमाने काम करू लागे. गंमत अशी, की सामानाने भरलेली खोली दाखवली काय आणि अगदी रिकामी, नुसत्या चार भिंतींची खोली दाखवली काय, त्या भागाला फारसा फरक पडत नव्हता. तेच सामान भिंतींशिवाय, पांढऱ्या कागदावर मांडल्यासारखे दाखवले की तो थंडावे. त्याला खुर्च्या-टेबलांशी देणेघेणे नव्हते, खोलीच्या आकाराशी होते. याहून बोलका पुरावा आला तो ज्यांना मनात चित्र उमटवताच येत नाही अशा माणसांकडून. अशी माणसे असतात; 'आईचा चेहरा डोळ्यांसमोर आणा' म्हटले तर त्यांच्या डोळ्यांसमोर काहीच येत नाही. विल्मा बेनब्रिज आणि सहकाऱ्यांनी अशा ६१ जणांना खोल्यांचे फोटो दाखवून नंतर त्या खोल्या आठवून काढायला सांगितल्या. हा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या चित्रांत वस्तू कमी होत्या, रंग कमी होते, काहींनी तर वस्तू काढण्याऐवजी तिथे तिचे नावच लिहिले. पण ज्या वस्तू काढल्या, त्यांची जागा आणि आकारमान इतरांइतकेच बिनचूक होते. आणि फोटोत नसलेल्या वस्तू मनाने घुसडण्याची चूक त्यांनी इतरांपेक्षा कमी केली. एका माणसाच्या एकाच आठवणीत 'काय' फिकट आणि 'कुठे' ठसठशीत असू शकते. दोन्ही नोंदी मुळात एक असत्या तर दोन्ही बरोबरच फिकटल्या असत्या.

जागेची नोंद स्वतंत्र असते म्हणजे ती दिसते तरी कशी, याचे उत्तर उंदरांच्या मेंदूतून मिळाले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये जॉन ओकीफ आणि जोनाथन दोस्त्रोव्स्की यांना १९७१ साली हिप्पोकॅम्पसमध्ये अशा पेशी सापडल्या, ज्या उंदीर पिंजऱ्यातल्या एका ठराविक ठिकाणी आला की सक्रिय होत आणि एरवी गप्प राहत. एक पेशी या कोपऱ्यासाठी, दुसरी त्या कोपऱ्यासाठी. २००५ साली नॉर्वेतल्या ट्रॉनहाइम इथे मे-ब्रिट आणि एडवर्ड मोसर यांच्या गटाने शेजारच्या एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्समध्ये आणखी नवलाच्या पेशी शोधल्या. त्यांतली प्रत्येक पेशी एकाच नव्हे, अनेक ठिकाणी सक्रिय होई, आणि ती ठिकाणे जमिनीवर मांडून पाहिली तर सारख्या अंतराची षटकोनी जाळी तयार होई. जमिनीवर अशी जाळी कुठेच नव्हती. ती उंदराच्या डोक्यात होती. ओकीफ आणि मोसर दांपत्याला २०१४ चे नोबेल मिळाले ते या कामासाठी. पण माझ्या मुद्द्याच्या दृष्टीने त्यांच्या कामातल्या कमी गाजलेल्या दोन गोष्टी जास्त मोलाच्या आहेत. ओकीफ यांना १९७६ च्या सुमारास काही पेशी अशा दिसल्या, की एखाद्या ठिकाणी नेहमीची वस्तू नसली आणि उंदीर तिथे हुंगत राहिला, की त्या सर्वांत जास्त सक्रिय होत. आणि २०१३ साली मोसर यांच्या प्रयोगशाळेत एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्सच्या बाहेरच्या अर्ध्या भागात अशा पेशी सापडल्या, ज्या पूर्वी वस्तू ठेवलेली होती पण आता नाही, अशा रिकाम्या जागी सक्रिय होत. काही तर कित्येक दिवसांनंतरही. रिकाम्या जागेत बघण्यासारखे काही नसते. तिथे 'इथे अमुक होते' असे पेशी म्हणत असेल, तर ती वस्तूची नोंद नव्हे आणि जागेचीही नव्हे. ती दोहोंच्या नात्याची नोंद आहे.

हे नाते कुठे जुळते आणि तुटले तर काय होते, याचा सर्वांत स्वच्छ प्रयोग माझ्या मते मेरी लू स्मिथ आणि ब्रेंडा मिलनर यांचा, १९८१ चा. अपस्मारावर उपाय म्हणून ज्यांच्या मेंदूच्या एका बाजूचा काही भाग शस्त्रक्रियेने काढला होता, अशा रुग्णांसमोर त्यांनी एक फळी ठेवली. फळीवर छोटी छोटी १६ खेळणी पसरलेली. रुग्णाला सांगितले, प्रत्येक खेळण्याच्या खऱ्या वस्तूची किंमत काय असेल त्याचा अंदाज करा. लक्षात ठेवा, असे कुणीच म्हटले नाही. मग खेळणी उचलली आणि विचारले, कोणकोणती होती, आणि कोणते कुठे होते? ज्यांच्या उजव्या हिप्पोकॅम्पसचा बराच भाग गेला होता, त्यांना त्या वेळी खेळण्यांची नावे इतरांसारखीच आठवली. मात्र रिकाम्या फळीवर ती जागच्या जागी मांडायला दिल्यावर ते गोंधळले. वस्तू होत्या, फळी समोर होती, मधली गाठ नव्हती. मिलनर यांच्या हाताखालून गेलेला सर्वांत प्रसिद्ध रुग्ण म्हणजे हेन्री मोलेसन. १९५३ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला गेला, आणि २००८ साली मृत्यू येईपर्यंत त्याला नवे प्रसंग लक्षात ठेवता आले नाहीत. मात्र या माणसाने माझ्या सिद्धान्ताला एक अडचणही करून ठेवली आहे. शस्त्रक्रियेनंतर तो ज्या घरात राहायला गेला, त्या घराचा नकाशा त्याने पुढे बरोबर काढून दाखवला. गाठ मारणारा अवयवच नसताना हे कसे जमले? याचे पटण्यासारखे उत्तर असे, की तो त्या घरात १९५८ ते १९७४ अशी तब्बल सोळा वर्षे वावरत होता. रोज त्याच दारातून जायचे, त्याच वळणावर वळायचे. एका घटकेत बसणारी गाठ त्याला जमत नव्हती. हजारो फेऱ्यांनी हळूहळू पडणारे वळण मेंदूचे इतर भाग पाडू शकत होते. अडचण खरी आहे, पण तिने सिद्धान्त मोडत नाही. तो नेमका होतो. हिप्पोकॅम्पस लागतो तो एकदाच घडणाऱ्या गोष्टीसाठी, आणि चष्मा ठेवणे ही एकदाच घडणारी गोष्ट आहे.

जुन्या काळच्या ग्रीक आणि रोमन वक्त्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते, पण या यंत्रणेचा उपयोग कसा करायचा हे ठाऊक होते. ओळखीच्या इमारतीतून मनानेच फिरायचे, भाषणातला एकेक मुद्दा एकेका कोनाड्यात ठेवायचा आणि बोलताना त्याच वाटेने परत यायचे. रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी अनेक वर्षे अभ्यासलेला शेरेशेव्स्की हा विलक्षण स्मरणशक्तीचा माणूस यादीतले शब्द असेच मॉस्कोच्या गोर्की स्ट्रीटवर दारोदारी ठेवत जाई. क्वचित एखादा शब्द गळे. एकदा 'अंडे' गळाले, आणि त्याचे कारण त्याने स्वतःच सांगितले: ते पांढऱ्या भिंतीसमोर ठेवले होते, परतताना दिसलेच नाही. पुढे तो मनातल्या वस्तू मोठ्या करून, चांगल्या उजेडात ठेवू लागला. ही देणगी जन्मजातच लागते असेही नाही. मार्टिन ड्रेसलर आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवले, की साध्या माणसांनीही सहा आठवडे रोज अर्धा तास ही पद्धत गिरवली तर ७२ शब्दांच्या यादीतले त्यांना आठवणारे शब्द दुपटीहून वाढतात. मग जागेचे ज्ञान म्हणजेच स्मरणशक्ती, असे म्हणावे का? तसे म्हणता येत नाही, आणि याचा पुरावा लंडनच्या टॅक्सीचालकांनी दिला आहे. चेरिंग क्रॉसभोवतीच्या सहा मैलांतले सुमारे २५ हजार रस्ते पाठ केल्याशिवाय त्यांना परवाना मिळत नाही. एलेनॉर मॅग्वायर यांनी २००० साली दाखवले की त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. ही बातमी जगभर गाजली. त्यांनीच कॅथरिन वूलेट यांच्याबरोबर २००९ साली केलेला अभ्यास तितका गाजला नाही. कोणती वस्तू कुठे आहे अशा नव्या जोड्या लक्षात ठेवण्याच्या परीक्षेत हेच चालक इतरांपेक्षा कमी पडले. अख्खे लंडन डोक्यात आहे, पण समोरच्या कागदावर कोणती वस्तू कुठे होती ते राहत नाही. नकाशा असणे वेगळे आणि नकाशावर गाठ मारता येणे वेगळे, हे याहून स्पष्ट कसे दिसणार?

आता एक वजनदार आक्षेप. टिमथी ब्रेडी आणि सहकाऱ्यांनी २००८ साली काही स्वयंसेवकांना साडेपाच तासांत वस्तूंची २५०० चित्रे दाखवली, प्रत्येक तीनेक सेकंद. नंतर दोन चित्रांतले पाहिलेले कोणते, असे विचारल्यावर ९२ टक्के उत्तरे बरोबर आली. दोन्ही चित्रे एकाच वस्तूची, फक्त एकात कपाटाचे दार उघडे आणि दुसऱ्यात बंद, अशी असली तरी ८७ टक्के बरोबर. यात जागेचा संबंध नाही, गाठीचा नाही. नुसत्या वस्तू, आणि त्या इतक्या तपशिलाने राहिल्या! मग आठवण म्हणजे गाठ, हे कशाच्या बळावर म्हणायचे? मला वाटते, या प्रयोगाने माझेच म्हणणे दुसऱ्या बाजूने सिद्ध होते. समोर चित्र ठेवून 'हे पाहिले होते का' असे विचारणे आणि काहीच समोर न ठेवता 'काय पाहिले ते सांगा' असे विचारणे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात वस्तू स्वतःच हाताशी येते. दुसऱ्यात तिच्यापर्यंत जायला वाट लागते, आणि २५०० सुट्या वस्तूंना वाट नसते. सुटी वस्तू मेंदूत असतेच. पण बोलावल्यावर ती यावी यासाठी तिला कशाशी तरी बांधावे लागते. घरातल्या शोधाशोधीतही हेच घडते. चष्मा दिसला की 'अरे, इथेच तर ठेवला होता' असे लगेच आठवते. नोंद अगदीच पुसलेली नव्हती. तिच्याकडे जायची वाट नव्हती.

दुसरा आक्षेप आपल्याच परंपरेतून येतो आणि तो मला अधिक भारी वाटतो. वेदपाठ्यांनी हजारो वर्षे प्रचंड मजकूर तोंडपाठ ठेवला, तो काही मनातल्या वाड्यात मुद्दे ठेवून नव्हे. जेम्स हार्टझेल आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात यजुर्वेदाच्या २१ पंडितांचे मेंदू तपासले गेले. भाषा आणि स्मरण यांच्याशी संबंधित भागांत त्यांचा करडा द्रव्यभाग इतरांपेक्षा जास्त आढळला, आणि उजवा हिप्पोकॅम्पसही त्यात होता. जागा नाही, वस्तू नाही, तरी हिप्पोकॅम्पस पुष्ट. तेव्हा जागेला मी दिलेले महत्त्व जास्त आहे, हे मला मान्य करावे लागते. पण वेदपठणातला घनपाठ हा प्रकार म्हणतात कसा ते जवळून पाहावे. पहिला शब्द-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला, पुन्हा पहिला-दुसरा-तिसरा. मग एक शब्द पुढे सरकून हेच चक्र. म्हणजे प्रत्येक शब्द शेजाऱ्यांशी उलटसुलट, पुन्हा पुन्हा बांधलेला. त्यातही महाराष्ट्रातले शुक्ल यजुर्वेदी वैदिक स्वराबरोबर हात वर, खाली, बाजूला नेतात, म्हणजे स्वर हाताच्या हालचालीलाही बांधलेला असतो. उंदरांमध्येही २००८ साली असे आढळले आहे, की उंदीर एकाच जागी चाकावर धावत असताना हिप्पोकॅम्पसच्या पेशी एकामागून एक ठराविक क्रमाने सक्रिय होतात. जागा बदलत नाही, पण क्रम पुढे सरकतो. म्हणून सिद्धान्त थोडा सुधारून घ्यावा लागतो. आठवणीला जागाच लागते असे नाही, तिला क्रम लागतो. जागा हा आयता मिळणारा, आपोआप टिकणारा क्रम आहे. पाठांतर हा कष्टाने उभा केलेला. गाठ मात्र दोन्हीकडे लागतेच.

मग जागेत नुसते असणे पुरेसे आहे का? एका जुन्या प्रयोगाने तसे वाटायला लावले होते. १९७५ साली डंकन गॉडन आणि अॅलन बॅडली यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर पाणबुड्यांना ३६ शब्दांच्या याद्या काही वेळा काठावर, काही वेळा पाण्याखाली ऐकवल्या. जिथे ऐकले तिथेच आठवायला सांगितले तर जास्त शब्द आठवले. हा प्रयोग मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला. पण २०२१ साली तो पुन्हा करून पाहिला गेला तेव्हा तो परिणाम दिसला नाही. परिस्थितीचा प्रभाव शून्य आहे असे यावरून ठरत नाही, पण भोवतालची जागा आपोआप आठवणीला चिकटते हा विश्वास डळमळतो, आणि तो डळमळावा हेच बरे. लिंडा हेंकेल यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेला संग्रहालयातला प्रयोग इथे उपयोगी पडतो. ज्यांनी वस्तूंचे नुसते फोटो काढले, त्यांना त्या वस्तू, त्यांचे तपशील आणि संग्रहालयातली त्यांची जागा ही सगळी, नुसते पाहणाऱ्यांपेक्षा कमी आठवली. ज्यांनी वस्तूच्या एखाद्या भागावर कॅमेरा जवळ नेऊन फोटो काढला, त्यांचे वस्तू ओळखणे आणि तिचे तपशील आठवणे मात्र कमी झाले नाही. म्हणजे दोष कॅमेऱ्याचा नव्हे. पाहण्याचे काम दुसऱ्यावर सोपवले की गाठ मारणारा हात थांबतो, आणि एखाद्या गोष्टीवर नजर रोखावी लागली की तो पुन्हा चालू होतो. मोबाइलमध्ये हजारो फोटो असलेल्या माणसाला सहल आठवत नाही ही तक्रार म्हणून अर्धवट आहे. त्याने फोटो काढताना काय पाहिले, हे विचारायला हवे.

या सगळ्याचा उपयोग निव्वळ कुतूहल भागवण्यापलीकडे आहे, आणि तो ज्या घरात वृद्ध माणूस आहे तिथे सर्वांत जास्त आहे. हाइको आणि एफा ब्राक यांनी १९९१ साली दाखवले, की अल्झायमरमध्ये मेंदूपेशींतले बिघाड सर्वप्रथम दिसतात ते एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्सच्या परिसरात, म्हणजे 'काय' आणि 'कुठे' यांच्या नोंदी हिप्पोकॅम्पसकडे जायच्या अगदी दारात. म्हणून सुरुवातीच्या काळात मुले ओळखू येतात, घर ओळखू येते, जुन्या गोष्टी तपशिलाने सांगता येतात. फक्त आत्ता ठेवलेली वस्तू जागेशी बांधली जात नाही. अशा घरांत एक आरोप फार वेळा ऐकू येतो: माझी सोन्याची बांगडी कुणीतरी चोरली. बहुतेकदा तो कामवाल्या बाईवर जातो, नाहीतर सुनेवर. घरचे लोक हे संशयी स्वभावाचे लक्षण समजतात आणि दुखावतात. पण त्या म्हातारीच्या जागी बसून विचार केला तर तिचा तर्क बिनचूक आहे. बांगडी होती, हे तिला पक्के माहीत आहे. कपाटातली तिची जागाही माहीत आहे. आपण ती तिथून काढून तांदळाच्या डब्यात ठेवली, ही गाठ मात्र बसलेलीच नाही. वस्तू आहे, जागा आहे, आणि वस्तू त्या जागी नाही; आपण हलवली नसेल, तर दुसऱ्या कुणी हलवली असाच निष्कर्ष कोणताही शहाणा माणूस काढील. तेव्हा तिच्याशी वाद घालून काही साधत नाही, कारण चूक तर्कात नाही, पुराव्यात आहे. साधते ते मोलेसनच्या घराने दाखवलेल्या मार्गाने: एका घटकेची गाठ बसत नसेल तर रोजच्या सवयीने पडणाऱ्या वळणावर भर द्यायचा. वस्तूंच्या जागा वर्षानुवर्षे त्याच ठेवायच्या, दिवाळीच्या साफसफाईत कपाट हौसेने नव्याने लावायचे नाही, आणि बांगडी सापडली की तिच्या नेहमीच्या जागी मुकाट्याने ठेवून द्यायची. आरोप ज्याच्यावर झाला त्याची समजूत मात्र त्याच दिवशी घालायची, कारण त्याच्या मेंदूत ती गाठ पक्की बसलेली असते.